सरकत्या छपराच्या वेधशाळेचे रूळ: गंजरोधक साहित्याच्या निवडीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

वेधशाळेच्या भिंतींचा आराखडा पक्का झाल्यामुळे आता रुळांचा विषय हाती घेतला आहे. छप्पर ३.६ मीटर लांब असेल, सांगाडा, पत्रा आणि उष्णतारोधक थर धरून त्याचे वजन सुमारे ४२० किलो भरेल आणि ते आठ चाकांवरून एका बाजूला पूर्णपणे सरकेल. त्यासाठी प्रत्येक रूळ ७.२ मीटर लांब लागतो. त्यातला निम्मा भिंतीच्या माथ्यावर आणि निम्मा भिंतीबाहेर खांबांवर उभ्या केलेल्या चौकटीवर राहील. जागा समुद्रापासून फार दूर नाही, त्यामुळे वाऱ्याबरोबर येणारे क्षार हिशेबात धरलेच पाहिजेत.

रुळाला ओल कुठून मिळते, हे आधी लिहून ठेवतो, कारण पावसाचा विचार सगळेच करतात आणि दवाचा सहसा राहून जातो. आकाश जितके निरभ्र, तितकी धातूतली उष्णता वेगाने आकाशाकडे निघून जाते आणि उघड्या रुळाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली उतरते. त्यामुळे दव नेमके त्याच रात्री धरते, ज्या रात्री छप्पर उघडायचे असते, आणि भिंतीवरचा जो अर्धा रूळ आपण ‘आतला’ समजतो तोही त्या वेळी आकाशाखालीच असतो. शिवाय समुद्री क्षार दव पडण्याची वाट पाहत नाहीत. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, तर मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. क्षार बसलेला रूळ डोळ्यांना कोरडा दिसला तरी प्रत्यक्षात ओला असू शकतो.

२१ ऑक्टोबर २०२३

साहित्याकडे वळण्यापूर्वी रुळाचा आकार ठरवणे भाग आहे, कारण गंजाचे निम्मे प्रश्न आकारातूनच निर्माण होतात. वर तोंड असलेले यू आकाराचे चॅनल पहिल्याच विचारात बाद केले. त्यात पाणी, पाने आणि माती साचते, निचऱ्याची भोके बुजतात, आणि कोणताही धातू घेतला तरी चिखलाखालच्या पृष्ठभागाला प्राणवायू मिळत नाही. स्टेनलेस स्टीललाही ही अवस्था मानवत नाही. याउलट अँगल, म्हणजे एल आकाराचा धातूचा दांडा, उलटा, म्हणजे धार वर करून बसवला, तर पाणी दोन्ही उतारांवरून निघून जाते आणि व्ही आकाराच्या खाचेचे चाक त्यावर आपोआप मध्यभागी राहते.

या चाकाची एक खोड मात्र लक्षात घेतली पाहिजे. व्ही खाचेचे चाक अँगलच्या धारेवर टेकत नाही, ते दोन्ही उतारांवर टेकते. खाचेच्या तळाजवळ त्रिज्या ४२ मिमी आणि काठाजवळ ५० मिमी असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात त्या दोन ठिकाणच्या परिघांत सुमारे ५० मिमीचा फरक पडतो. अख्खे चाक मात्र एकाच वेगाने पुढे जाते, म्हणून हा फरक घासण्यातून भरून निघतो. थोडक्यात, व्ही चाक फक्त लोळत नाही, ते प्रत्येक फेऱ्यात रुळाचे दोन्ही उतार थोडेथोडे घासते. गंज रोखण्यासाठी दिलेला कोणताही लेप नेमका याच दोन पट्ट्यांवर झिजणार. म्हणून ‘कोणता लेप सर्वांत टिकाऊ’ या प्रश्नापेक्षा ‘लेप गेल्यावर खाली काय उरते’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पुढची सगळी निवड याच प्रश्नावर पारखणार आहे.

२९ ऑक्टोबर २०२३

काही पर्याय थोडक्यात निकाली काढता येतात. रंगवलेला एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा अँगल घेतला तर चाकाच्या पट्ट्यांवरचा रंग आधी जाईल आणि गंज रंगाखालून दोन्ही बाजूंना सरकत राहील. हवामानसह्य पोलाद, म्हणजे स्वतःच्याच गंजाचा घट्ट थर धरून राहणारे पोलाद, हे ओले-कोरडे चक्र आणि स्वच्छ हवा असेल तेव्हाच तसे वागते. क्लोराइड असलेल्या हवेत तो थर स्थिर होत नाही, आणि चाकाखाली तर तो टिकण्याचा प्रश्नच नाही. काचतंतू आणि रेझिनचे तयार अँगल गंजत नाहीत, मात्र त्यांची लांबीच्या दिशेची ताठरता पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी असते आणि उन्हाने वरचे रेझिन झिजले की तंतू उघडे पडतात. इलेक्ट्रोप्लेटिंगने दिलेला जस्ताचा थर सामान्यतः ५ ते २५ मायक्रॉनचा असतो. तो घरातल्या स्क्रूंसाठी ठीक आहे, रुळासाठी नाही.

विचार करण्याजोगे तीनच उरतात: वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेले पोलाद, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील.

५ नोव्हेंबर २०२३

आजची नोंद जस्ताविषयी आहे. ती लांबणार आहे, कारण या पर्यायाला न्याय द्यायचा तर त्याचे गुण आधी नीट मांडले पाहिजेत.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये स्वच्छ केलेले पोलाद सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. तिथे जस्त पोलादावर नुसते चिकटत नाही. लोह आणि जस्त यांच्या मिश्रधातूंचे थर तयार होतात आणि त्यांच्यावर जवळजवळ शुद्ध जस्ताचा थर बसतो. आयएसओ १४६१ या मानकानुसार ६ मिमीपेक्षा जाड पोलादावर लेपाची सरासरी जाडी किमान ८५ मायक्रॉन, आणि ३ ते ६ मिमी जाडीवर किमान ७० मायक्रॉन असावी लागते. बाहेरचा शुद्ध जस्ताचा थर मऊ असतो, त्याचा विकर्स कठीणपणा ७० च्या आसपास भरतो. आतले मिश्रधातूंचे थर १८० ते २५० पर्यंत जातात, म्हणजे ते सुमारे १६० कठीणपणाच्या मूळ पोलादापेक्षाही कठीण असतात. त्यामुळे चाकाखाली वरचा चकचकीत थर लवकर निघून गेला, तरी आतले थर बराच काळ झुंज देतात.

हवेतल्या झिजेचा अंदाज आयएसओ ९२२३ मधल्या वर्गवारीवरून बांधता येतो. मध्यम, म्हणजे सी ३ वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जाते, तर क्षारयुक्त सी ४ वर्गात २.१ ते ४.२ मायक्रॉन. सी ४ मधला वरचा आकडा धरला तरी ७० मायक्रॉनचा लेप सोळा वर्षांहून अधिक पुरतो, आणि खालचा धरला तर सुमारे तेहतीस वर्षे. याच हवेत उघडे पोलाद वर्षाला ५० ते ८० मायक्रॉन गमावते, हे पाहिले म्हणजे जस्ताचे मोल कळते. ओरखडा पडून काही मिलिमीटर रुंदीचे पोलाद उघडे पडले, तर शेजारचे जस्त स्वतः झिजून त्याचे रक्षण करते, हा गुण रंगात नाही.

एवढे असूनही रुळाच्या धावपट्टीसाठी मन तयार होत नाही. जस्ताचे टिकाऊपण त्यावर बसणाऱ्या कार्बोनेटच्या पातळ, घट्ट थरामुळे असते. जस्त ओले होते, कोरडे होते, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि हळूहळू हा थर धरते. चाक हाच थर पुन्हापुन्हा पुसून काढते. वर दिलेले वर्षांचे आकडे न घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाचे आहेत. चाकाखालच्या पट्ट्यांना ते लागू होत नाहीत. त्यातून रूळ पुन्हा गॅल्व्हनाइझ करायचा झाला, तर छप्पर उतरवून संपूर्ण रूळ कारखान्यात न्यावा लागेल. मात्र ज्या भागाला चाक शिवतही नाही त्या भागासाठी, म्हणजे रुळाखालची तुळई, खांब आणि आडव्या पट्ट्या यांच्यासाठी, जस्ताला तोड नाही. तेवढा निर्णय आजच घेतला: चौकट हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेल्या पोलादाची असेल.

१२ नोव्हेंबर २०२३

नमुने तयार केले. रंगवलेला एमएस, इलेक्ट्रोप्लेट केलेला, हॉट डिप केलेला, ६०६१-टी६ प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, ३०४ आणि ३१६ या प्रतींच्या स्टेनलेसचा असे अँगलचे तुकडे एका फळीवर बसवले. प्रत्येकावर वजन लादलेले पोलादी व्ही चाक पुढे-मागे फिरवून धावपट्टी झिजवून घेतली, आणि त्यानंतर मिठाच्या ३.५ टक्के पाण्याचा फवारा मारून तुकडे वाळू देण्याचा क्रम सुरू केला. प्रत्येक तुकड्यावर एक बोल्ट आणि वॉशर मुद्दाम आवळून ठेवला आहे, म्हणजे फटीत काय होते तेही दिसेल.

मिठाच्या सततच्या फवाऱ्याची जी प्रमाणित चाचणी आहे, ती एएसटीएम बी ११७, तिचे अनुकरण हेतुपुरस्सर टाळले. तिथे तुकडा ३५ अंशांवर अखंड ओला राहतो, त्यामुळे जस्ताला संरक्षक थर धरायला उसंतच मिळत नाही आणि ते प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसते. आपला रूळ रात्री भिजतो आणि दिवसा वाळतो. चाचणीही तशीच हवी.

२६ नोव्हेंबर २०२३

ॲल्युमिनियमचा हिशेब आज पुरा केला. हलके, कापायला सोपे आणि ऑक्साइडच्या स्वतःच्या थराने झाकलेले असल्याने त्याचा मोह पडतो. अडचण ताठरतेची आहे.

५० × ५० × ६ मिमीचा अँगल धार वर करून बसवला की तो त्याच्या सर्वांत दुबळ्या अक्षाभोवती वाकतो. जडत्व आघूर्णाचे, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे, तक्त्यात सहज दिसणारे १२.८ सेमी⁴ हे मूल्य इथे चालत नाही. धार वर असताना ते केवळ ५.३ सेमी⁴ उरते. आठ चाकांवर भार कधीच सारखा वाटला जात नाही, म्हणून निम्मी चाकेच भार घेतात असे धरून प्रत्येकी सुमारे १००० न्यूटन घेतले. दोन टेकूंमध्ये एक मीटर अंतर असेल, तर मधोमध पोलादाचा अँगल जवळजवळ २ मिमी आणि ॲल्युमिनियमचा ५.७ मिमी झुकतो. अंतर निम्मे केले की झुकाव आठव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे टेकू जवळजवळ घेऊन ही अडचण सोडवता येईल. ती निर्णायक नाही.

तापमानाने होणारी वाढ अधिक त्रासदायक आहे. थंडीतल्या पहाटेचे ५ अंश आणि उन्हात तापलेल्या धातूचे ६० अंश असा ५५ अंशांचा फरक धरला, तर ७.२ मीटर लांबीत साधे पोलाद ४.८ मिमी, ३१६ स्टेनलेस ६.३ मिमी आणि ॲल्युमिनियम ९.१ मिमी वाढते. पोलादी तुळईवर ॲल्युमिनियमचा रूळ म्हणजे दोघांत ४ मिमीहून अधिक ओढाताण, तर ३१६ च्या रुळाला दीड मिमीच्या आसपासच सरकमोकळीक लागते. शिवाय ताज्या काँक्रीटचा अल्कधर्मी ओलावा आणि तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड, या दोन्हींशी ॲल्युमिनियमचे वैर आहे, आणि भिंतीच्या माथ्यावर यांपैकी एक तरी असतेच.

समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत, लाकडी चौकटीवर, मधे योग्य पडदा घालून आणि प्लास्टिकच्या चाकांसह हाच रूळ ॲल्युमिनियमचा करायला माझी हरकत नसती. इथे मात्र तो बाद.

१० डिसेंबर २०२३

नमुन्यांची पाहणी केली. रंगवलेल्या तुकड्यावर दोन्ही पट्ट्या लाल झाल्या असून रंगाचे काठ उचलले गेले आहेत. इलेक्ट्रोप्लेटचीही तीच गत. हॉट डिपच्या पट्ट्या काळसर करड्या झाल्या आहेत, कडेला जस्ताचा पांढरा गंज आहे आणि लाल रंग कुठेही नाही. अपेक्षेपेक्षा हा तुकडा चांगला निघाला. ॲल्युमिनियमवर पोलादी चाकाने सरळ चर पाडले आहेत आणि चरांत करडी भुकटी साठली आहे.

३०४ च्या तुकड्यावर कापलेल्या कडेजवळ तपकिरी ठिपके आले असून वॉशर काढल्यावर खाली गंजाचे कडे दिसले. ३१६ वर वॉशरखाली नुसती पुसट रेघ आहे. हा फरक रसायनशास्त्राला धरूनच आहे. दोन्हींत क्रोमियमचा अदृश्य ऑक्साइड थर रक्षण करतो, पण क्लोराइड त्या थराला जागोजागी भोके पाडतात. ३१६ मधले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम याला विरोध करते. क्रोमियमची टक्केवारी, मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट यांची बेरीज करून खड्डे पडण्याविरुद्धची ताकद ढोबळमानाने मोजतात. ३०४ साठी ती साधारण १८ ते २० भरते, तर ३१६ साठी २४ च्या आसपास.

एक निरीक्षण चाचणीत नव्हते, ते शेजारच्या जुन्या स्टेनलेस कठड्यावर सापडले. पावसात न्हाणारा वरचा भाग स्वच्छ आहे, आणि पाणी न पोहोचणाऱ्या, तरीही वारा लागणाऱ्या खालच्या बाजूवर चहाच्या डागांसारखा तपकिरी थर आहे. पाऊस क्षार धुऊन नेतो. आडोशाला ते साठतात. आपल्या रुळाचा सर्वांत धोक्याचा भाग त्यामुळे उघड्यावरचा नसून बंद छपराच्या पाळीखालचा ठरतो. एरवी मी तिथेच ३०४ घेऊन हात आखडला असता, कारण तो भाग ‘झाकलेला’ आहे. दोन्ही अर्धे ३१६ चेच घ्यायचे.

१७ डिसेंबर २०२३

निर्णय: धावपट्टी ३१६ एल स्टेनलेसची, तुळई हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेल्या पोलादाची. ‘एल’ म्हणजे कमी कार्बनचा, ०.०३ टक्क्यांहून जास्त नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइडच्या रूपात अडकून सांध्याजवळचा भाग दुबळा होऊ नये म्हणून तो घ्यायचा.

अँगल थेट तुळईवर ठेवला, तर त्याच्या दोन पायांखाली लांबच लांब फट तयार होते आणि आतल्या पोकळीत ओल कोंडते. पाय अखंड वेल्ड करून पोकळी बंद करता येते, पण सात मीटरचे अखंड वेल्डिंग अँगलला वाकवते. तुटक वेल्ड केले, तर मधल्या फटी पाणी धरून ठेवतात. म्हणून वेगळा मार्ग घेतला: दर ३०० मिमीवर ३१६ एलच्याच पत्र्याची एक बैठक, वर अँगलच्या पोटात बसेल असा तिकोनी आधार आणि खाली ८० × ८० × ६ मिमीची पट्टी. अँगल बैठकांवर हवेत राहतो, खालून वारा वाहतो आणि पाणी ठिबकून जाते. ३०० मिमी अंतरावर १००० न्यूटनने येणारा झुकाव ०.०६ मिमीपेक्षाही कमी भरतो, म्हणजे आकाराच्या दृष्टीनेही काही गमावले नाही.

बैठक आणि जस्त यांचा प्रत्यक्ष संपर्क तोडायचा आहे. स्टेनलेस आणि जस्त ओलसर अवस्थेत एकमेकांना भिडले, तर बळी जस्ताचा जातो. प्रत्येक बैठकीखाली ३ मिमी जाडीची ईपीडीएम रबराची चकती येईल. तिच्यावरचा दाब ०.१६ मेगापास्कल इतका क्षुल्लक आहे. बोल्ट ए४-७० वर्गाच्या स्टेनलेसचे, नायलॉनच्या नळीतून आणि नायलॉन वॉशरसह. इथे क्षेत्रफळाचा नियम लक्षात ठेवला आहे: मोठ्या जस्ताच्या पृष्ठभागात छोटा स्टेनलेस बोल्ट फारसे नुकसान करत नाही, पण उलट केले, म्हणजे मोठ्या स्टेनलेस रुळाला जस्ताचे छोटे बोल्ट लावले, तर ते बोल्ट लवकर खाल्ले जातील.

३१ डिसेंबर २०२३

चाके. साध्या पोलादाचे चाक ३१६ वर चालवणे म्हणजे रुळावर लोखंडाची भुकटी पेरणे. ती भुकटी गंजते आणि डाग स्टेनलेसचा दिसतो. स्टेनलेसवर स्टेनलेस चालवले, तर घासणाऱ्या उतारांवर दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जाण्याची भीती असते. उरले प्लास्टिक. नायलॉन ६ ओलाव्याने फुगते. सामान्य आर्द्रतेत ते सुमारे ३ टक्के आणि पाण्यात संपृक्त झाल्यावर ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरते, आणि त्यामुळे बेअरिंगची बसणूक बदलते. असिटल या दुसऱ्या प्लास्टिकचे पाणी शोषण त्यामानाने नगण्य आहे. काळ्या, कार्बन मिसळलेल्या असिटलची चाके घेतली, कारण पांढरे असिटल उन्हाने ठिसूळ होते. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले आहे.

प्लास्टिकचे चाक घेतल्यावर मग रूळ जस्ताचाच का नको, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर वाळूच्या कणात आहे. कठीण कण मऊ पृष्ठभागात रुततो आणि तिथून समोरच्या कठीण पृष्ठभागाला घासत राहतो. धातू घासून गुळगुळीत करण्याच्या लॅपिंग या प्रक्रियेत हेच तत्त्व जाणूनबुजून वापरतात. असिटलच्या चाकात रुतलेली वाळू जस्ताला सोलत राहील, वेग कमी असेल एवढेच. ३१६ ला ती घासली, तरी ऑक्साइडचा थर हवेतल्या प्राणवायूने तिथल्या तिथे पुन्हा धरतो, आणि खाली उघडे पडते तेही ३१६ च असते.

७ जानेवारी २०२४

दोन्ही बाजूंना व्ही रूळ ठेवायचे नाहीत, असे ठरले. दोन व्ही रूळ सात मीटरभर तंतोतंत समांतर हवेत आणि छपराची रुंदी तापमानाने बदलता कामा नये. या दोन्ही अटी पाळणे अवघड आहे. लेथच्या पायावर जशी एक व्ही आणि एक सपाट पट्टी असते, तशी रचना इथे केली: एका बाजूला व्ही, दुसऱ्या बाजूला सपाट पट्टी आणि सरळ चाके. छपराला बाजूने मोकळीक मिळाली की चाके रुळाच्या उतारांवर दाबली जात नाहीत, आणि झीजही कमी होते.

सपाट बाजूसाठी ३१६ एलची ५० × १० मिमीची पट्टी घेतली. ३०० मिमी अंतराच्या बैठकांवर ती ०.७ मिमी झुकेल, म्हणून इथे बैठका १५० मिमीवर आणल्या, झुकाव ०.०९ मिमीपर्यंत उतरला. पट्टी बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे दव तिच्यावर थांबणार नाही.

१४ जानेवारी २०२४

कारखान्याला द्यायच्या सूचना लिहून काढल्या. अँगल हॉट रोल केलेला हवा, पत्रा वाकवून केलेला नको. वाकवलेल्या अँगलचा बाहेरचा कोपरा गोल असतो आणि व्ही चाकाची बसणूक त्यामुळे बदलते. स्टेनलेससाठी वेगळ्या घासचकत्या आणि स्टेनलेसचेच तारेचे ब्रश वापरावेत. वेल्डचा रंग पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढून भाग भरपूर पाण्याने धुवावा. ३१६ असल्याचे मिल प्रमाणपत्र, म्हणजे पोलाद कारखान्याचा दाखला, मालाबरोबर यावे. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांत फरक करता येत नाही, दोन्ही जवळजवळ अचुंबकीय असतात आणि कापल्या-वाकवलेल्या ठिकाणी दोन्ही थोडेफार चिकटू शकतात.

तुळईच्या सर्व भोकांचे काम गॅल्व्हनायझिंगपूर्वी उरकावे. चौकोनी नळीला दोन्ही टोकांना हवा जाण्याची आणि जस्त वाहून जाण्याची भोके असलीच पाहिजेत. बंद पोकळीत अडकलेला ओलावा ४५० अंशांना वाफ होऊन नळी फोडू शकतो. पोलादातले सिलिकॉन सुमारे ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर जस्ताचा लेप वाजवीपेक्षा जाड, करडा आणि ठिसूळ होतो, म्हणून पोलादाचे रासायनिक प्रमाणही विचारून घ्यायचे.

२५ फेब्रुवारी २०२४

माल आला. तुळया उत्तम आहेत. त्या एकावर एक न रचता मधे लाकडी पट्ट्या घालून, थोड्या तिरक्या ठेवल्या, कारण दाटून ठेवलेल्या ओल्या जस्तावर पांढरा गंज चढतो. वाहतुकीत खरचटलेल्या दोन जागी जस्तयुक्त रंगाचा १०० मायक्रॉनहून जाड हात दिला.

स्टेनलेसच्या बैठकांवर काही ठिकाणी पिवळट ठिपके होते. मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणाने तपासणी केली; मोकळे लोह असेल तिथे तांबे बसते आणि जागा तांबूस होते. तसे झालेल्या बैठका परत पाठवून पुन्हा पिकलिंग करून घेतल्या. अँगलच्या धावपट्टीवर ठिपके नव्हते, मात्र तिचा पृष्ठभाग खरखरीत होता. खरखरीत स्टेनलेस क्षार धरून ठेवते, म्हणून दोन्ही उतार लांबीच्या दिशेने बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. आडव्या रेघांत पाणी अडते.

१० मार्च २०२४

रूळ बसवले. प्रत्येक रूळ कमी-जास्त लांबीच्या दोन तुकड्यांचा आहे आणि सांधा भिंत व बाहेरची चौकट जिथे मिळतात तिथून मुद्दाम दूर घेतला, कारण तिथे खालचा आधारच बदलतो. सांधा ४५ अंशांत तिरका कापला असून फट २ मिमी ठेवली आहे. चाकाचा काही भाग नेहमी धातूवर राहतो, त्यामुळे धक्का बसत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र बैठका आहेत. प्रत्येक तुकड्याची फक्त मधली बैठक घट्ट आवळली, बाकीच्यांना ९ × १४ मिमीच्या लांबट भोकांतून सरकायला वाव ठेवला. स्टेनलेसचे नट आवळताना जाम होतात, म्हणून आट्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावली आणि यंत्राऐवजी हातपान्याने, सावकाश आवळले.

२४ मार्च २०२४

छप्पर रुळांवर चढले. ताणकाट्याने मोजल्यावर ते हलवायला १५ किलोच्या आसपास ओढ पुरते, सांध्यावर काटा हलत नाही. रुळाला ग्रीस लावलेले नाही आणि लावणारही नाही. ते धूळ धरते आणि व्ही चाकाला घासपेस्ट बनवून देते.

देखभालीचे वेळापत्रक ठरवले. पाऊस नसलेल्या काळात महिन्यातून एकदा रूळ गोड्या पाण्याने धुवायचा, विशेषतः पाळीखालचा भाग आणि बैठकांच्या आतल्या बाजू. क्लोरीनयुक्त सफाईद्रव कुठेही वापरायचा नाही. वर्षातून एकदा प्रत्येक रुळाची एक बैठक सोडवून रबरी चकतीखालचे जस्त पाहायचे, चाकांत रुतलेले कण ब्रशने काढायचे आणि धावपट्टीच्या मापांची नोंद करायची.

वादळी वाऱ्यात छप्पर उचलले जाऊ नये म्हणून लावायच्या आकड्यांचे साहित्य अजून ठरायचे आहे. आकडा अँगलच्या खालून अडकणार असल्याने तो रुळाला एरवी स्पर्श करत नाही, पण वारा सुटला की घासेल. तोही ३१६ चा करून तोंडाशी असिटलची पट्टी बसवावी, असा सध्याचा विचार आहे.